बॅगेत काय होतं?

‘लिही, पण माझ्या तीन अटी आहेत,’ असं माझ्या सोळा वर्षांच्या भाचीने मला वहीचं पान फाडून लेखी दिलंय. अट पहिली, नाव छापायचं नाही. अट दुसरी, माझ्याबद्दल ‘गोड’ हा शब्द वापरायचा नाही. अट तिसरी, टक्के सांगायचे नाहीत, ‘चांगले पडले’ एवढंच पुरे. तिच्या तेरा वर्षांच्या भावाची अट एकच : ‘मला हिच्यापेक्षा जास्त ओळी पाहिजेत.’

तेव्हा मंडळी, या कॉलमपुरती ती ‘बाईसाहेब’ आणि तो ‘महाराज’. ओळी मोजायचं काम तो करेलच.

आता ही भानगड काय ते सांगते. जून २०२४. माझ्या घरमालकांनी फ्लॅट विकायला काढला आणि मला महिन्याभरात जागा सोडायला सांगितली. फ्रीलान्सर पोरीला पुण्यात भाड्याने जागा मिळवणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. ‘नोकरी कुठे?’ या प्रश्नाला ‘मी लिहिते’ असं उत्तर दिलं की समोरचे काका चष्म्यावरून बघतात. शेवटी ताई म्हणाली, ‘पंधरा दिवस ये कोथरूडला, मग बघू.’

ते पंधरा दिवस जून २०२५ पर्यंत चालले.

घरात ताई (बँकेत), जिजू (आयटीत, प्रोजेक्ट मॅनेजर), दहावीतल्या बाईसाहेब, सातवीतले महाराज आणि हॉलमधल्या दिवाणावर मी. बाथरूम दोन, चार्जर तीन, आणि सकाळी साडेसहाला त्यावरून होणारी भांडणं अगणित.

रात्री एकची मॅगी

पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात दोन टाइम झोन आहेत. ताईचा पहाटेचा आणि बाईसाहेबांचा मध्यरात्रीचा. ताईचा फंडा क्लिअर होता. दहावी म्हणजे पहाटे पाचला उठून अभ्यास. तिने तसाच केला होता, आईनेही तसाच करवून घेतला होता. बाईसाहेब पाचला उठायच्या, पुस्तक उघडायच्या आणि पुस्तकावरच झोपायच्या. गालावर प्रमेयाचा ठसा!

मी रात्रीची कामकरी. डेडलाइन दुसऱ्या दिवशी सकाळची असली की माझं डोकं रात्री अकरानंतरच चालतं. एकदा रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले, तर ओट्यापाशी बाईसाहेब. गॅसवर मॅगी.

‘माऊ, आईला सांगू नकोस.’

‘अर्धी दे, मग नाही सांगत.’

आमच्या मैत्रीचा पाया हा असा लाचखोरीवर आहे.

त्याच सुमारास मी किशोरवयातल्या झोपेवर एक स्टोरी करत होते. डॉक्टरांशी बोलले, वाचलं आणि चक्रावलेच. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, हा फरक दोन तासांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे रात्री अकरापर्यंत डोळ्याला डोळा न लागणं हा आगाऊपणा नसून शरीराचा धर्म. मोबाइल त्यात तेल ओततो, हेही खरं. झोप लागते मात्र आठ ते दहा तासांची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलं होतं की या वयातल्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितल्या खऱ्या, पण चौथीपर्यंतच्या. जी पोरं सहाला उठून आईबाबांच्या पोटावर उड्या मारतात त्यांना नऊची शाळा, आणि ज्यांना खरंच उठवत नाही त्यांना सातची!

ही सगळी माहिती मी ताईला ऐकवली. ताईने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आणि तुझं काय? तू अठ्ठावीस वर्षांची आहेस.’

पुढच्या सोमवारपासून पाचचा गजर सव्वासहावर गेला. कारण कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

रांगेत सहा लाख

महाराजांच्या ओळींचा कोटा इथून सुरू. २९ जून २०२४ च्या रात्री भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकला. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा महाराजांनी सोफ्यावरून जी उडी मारली, तीत टीपॉयची काच गेली. एरवी यावर दोन दिवस व्याख्यान झालं असतं. त्या रात्री ताईने काचा गोळा केल्या, जिजूंनी गाडीची किल्ली घेतली आणि आम्ही पाचही जण गुडलक चौकात! बाईसाहेब दोन महिन्यांत पहिल्यांदा आईच्या गळ्यात पडल्या. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, त्यात हेही खपून गेलं.

मग आला सप्टेंबर. कोल्डप्ले नवी मुंबईत येणार, जानेवारीत तीन शो. घरात तणाव. दहावीचं वर्ष, फेब्रुवारीत बोर्ड आणि जानेवारीत कॉन्सर्ट? ताईचा ठाम नकार, जिजूंचं ‘तिकीट तर मिळू दे’, आणि बाईसाहेबांचं मौन. हे मौन भयंकर असतं. ओरडणं परवडतं.

२२ सप्टेंबर, रविवार, दुपारी बारा. जिजूंनी प्रोजेक्ट मॅनेजरगिरी पणाला लावली. डायनिंग टेबलवर दोन लॅपटॉप, तीन मोबाइल, प्रत्येकाला एकेक स्क्रीन वाटून दिलेला. ताई म्हणाली, ‘मी यात नाही,’ आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन बरोब्बर बारा वाजता येऊन बसली. बारा वाजून दोन मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर आकडा आला. रांगेत आमच्या पुढे सहा लाखांहून जास्त माणसं. महाराज म्हणाले, ‘म्हणजे आपला नंबर येईपर्यंत मी दहावीला असेन.’

तिकीट नाहीच मिळालं. पण खिचडी खात पाच जण पाच स्क्रीनकडे टक लावून बसलेत, ही त्या वर्षातली माझी आवडती दुपार आहे.

दोन गुपितं आणि मी

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्री ताई-जिजूंनी मला गच्चीवर बोलावलं. जिजूंचं प्रोजेक्ट बंद झालं होतं. दुसरीकडे जागा नाही, असं कंपनीने सांगितलं. चौदा वर्षांची नोकरी, तीन महिन्यांचा पगार आणि एक ईमेल. लॅपटॉप परत, आयकार्ड परत.

‘पोरांना कळता कामा नये,’ ताई म्हणाली. ‘तिची दहावी आहे. मार्चपर्यंत काहीही झालं तरी नाही.’

मी मान डोलावली. मला काय, माझी तर सगळी कारकीर्दच बिननोकरीची.

मग रोज सकाळी साडेआठला जिजू नेहमीसारखेच तयार व्हायचे. इस्त्रीचा शर्ट, डबा, खांद्याला बॅग. ‘चला, येतो’ म्हणून निघायचे. संध्याकाळी सातला परत. कुठे जातात, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री एक. मॅगी. बाईसाहेब काट्याने नुसतीच ढवळत होत्या.

‘माऊ, बाबाची नोकरी गेलीये ना?’

माझा घास घशातच. ती क्लासला डेक्कनला मेट्रोने जायची. त्या दिवशी क्लास लवकर सुटला आणि ती मैत्रिणीबरोबर जंगली महाराज रस्त्यावर गेली. संभाजी बागेत, बाकावर, दुपारी साडेबारा वाजता बाबा. मांडीवर डबा. बाजूला बॅग.

‘मी हाक नाही मारली,’ ती म्हणाली. ‘मैत्रिणीला म्हटलं, चल, उशीर होतोय. माऊ, आईला सांगू नकोस मला माहितीये म्हणून. त्यांना वाटेल माझा अभ्यास होत नाहीये.’

बघा माझी अवस्था! आईबाप म्हणतात मुलीला सांगू नकोस. मुलगी म्हणते आईबापाला सांगू नकोस. मास कॉमला आम्हाला ‘सोर्स’चं नाव गुप्त ठेवायला शिकवलं होतं. एकमेकांच्या शेजारच्या खोल्यांत झोपणाऱ्या सोर्सेसचं काय करायचं, हे नव्हतं शिकवलं.

खरी पंचाईत पुढे झाली. क्लासने जानेवारीसाठी एक जादा रिव्हिजन बॅच काढली, फी वेगळी. बाईसाहेब म्हणाल्या, ‘मला नको.’ ताई म्हणाली, ‘का नको?’ ‘कंटाळा येतो. घरीच होतं माझं.’ मग शाळेच्या निरोपसमारंभाची साडी. ‘तुझीच कुठलीतरी नेसेन.’ ताईच्या डोक्यात एकच आलं, पोरीचं कशातच लक्ष नाही. आणि एका संध्याकाळी, बँकेतून दमून आलेली असताना, ती जे बोलायला नको ते बोलून गेली. ‘आम्ही इथे मरमर करतोय आणि तुला कशाची पर्वा नाही. बेजबाबदार आहेस तू!’

बाईसाहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर काही न बोलता खोलीत गेल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं का? आजही मला ठरवता येत नाही. मी बोलले नाही. ओट्यावर पडलेली भांडी घासत राहिले. ताई म्हणाली, ‘राहू दे, मावशीबाई येतील सकाळी.’ तरी घासत राहिले.

‘उद्या बागेत नको जाऊस’

२६ जानेवारी २०२५. रविवार. अहमदाबादचा कोल्डप्लेचा शो घरबसल्या लाइव्ह दाखवणार होते. बोर्डाला सव्वीस दिवस. ताईने स्वतःहून सांगितलं, ‘आज पुस्तकं बंद. पण साडेदहाला झोपायचं.’ त्या भांडणानंतर तिलाही कुठेतरी टोचत असणार.

हॉलमधले दिवे घालवले. माझा दिवाण ‘व्हीआयपी स्टँड’. महाराजांनी प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत रबरबँड बांधले, कारण तिथे प्रेक्षकांना चमकणारे बँड देतात. तिकिटाऐवजी वाटीभर चिवडा. आणि दोन तास आम्ही पाच जण नुसते नाचलो. जिजू नाचताना फार वाईट दिसतात, हे छापायला त्यांची परवानगी आहे.

शो संपला. दिवे लागले. घामेजलेले सगळे जिथे जागा मिळेल तिथे पसरले. आणि बाईसाहेब, मनगटावरचा रबरबँड ओढत, अगदी सहज म्हणाल्या, ‘बाबा, उद्या बागेत नको जाऊस. थंडी असते सकाळी. घरीच बस.’

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

ताईने माझ्याकडे असं बघितलं की बस! ‘तू सांगितलंस?’

‘मी काहीच...’

‘माऊने नाही सांगितलं. मी बघितलं. डिसेंबरमध्ये.’

‘डिसेंबरमध्ये?’ ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जादा बॅच, साडी, ती संध्याकाळ, सगळं एकामागून एक येऊन गेलेलं मला दिसलं. ती उठली, बाईसाहेबांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. ‘सॉरी’ तिला पुष्कळ उशिरा म्हणता आलं.

तेवढ्यात महाराज : ‘मला नोव्हेंबरपासून माहितीये. बाबांच्या गळ्यात आयकार्डाची दोरी दिसत नव्हती.’

म्हणजे या घरात ज्याला त्याला सगळं माहीत होतं. आणि प्रत्येक जण बाकीच्यांना कळू नये म्हणून धडपडत होता!

‘पण बाबा,’ महाराजांनी विचारलं, ‘लॅपटॉप तर नव्हता. मग बॅगेत काय असायचं?’

जिजू उठले. बॅग आणली. आतून निघालं ते असं : डबा, छत्री, बायोडेटाच्या प्रती आणि दहावीचं ‘इतिहास व राज्यशास्त्र’. बालभारतीचं, जुनं, अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं. पानोपानी पेन्सिलच्या खुणा.

‘बॅग हलकी लागायची,’ जिजू म्हणाले. ‘सवय नव्हती. म्हटलं काहीतरी ठेवू. मग वाचत बसलो.’

इथे थोडं मागे जायला हवं. बाईसाहेबांना दहावीनंतर आर्ट्स घ्यायचं होतं. इतिहासासाठी. हे त्यांनी जुलैतच जाहीर केलं होतं, आणि जिजूंनी ‘छंद म्हणून ठीक आहे, सायन्स घेऊन ठेव, सेफ असतं’ म्हणत विषय संपवला होता. आता तो माणूस पुस्तकाचं तिसरं प्रकरण उघडून दाखवत होता. ‘उपयोजित इतिहास. हे वाचलंस तू? संग्रहालयं, पुराभिलेखागारं, वारसास्थळं, किती कामं आहेत यात. मला माहीतच नव्हतं.’

‘बाबा, ते सिलॅबसमध्ये आहे. मी वाचलंय,’ बाईसाहेब म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘पण तू वाचलंस ना, बरं वाटलं.’

एवढंच. पुढे बॅकग्राउंड म्युझिक वगैरे काही नाही. साडेदहा केव्हाच वाजून गेले होते.

एक्सेल आणि कासवं

सोमवारपासून जिजू घरी बसायला लागले, आणि डायनिंग टेबलवर माझ्यासमोर एक सहकारी आला. फ्रीलान्सिंगमधली मी सीनियर, ते ट्रेनी. ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ याचा खरा अर्थ काय, दहा टक्के टीडीएस कापून हातात किती येतात, ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार कसा करायचा, हे मी शिकवलं. त्यांनी बदल्यात माझ्या येण्याचं एक्सेल केलं. चार जणांकडे माझे पैसे सात महिने अडकलेत आणि मी विसरून गेलेय, हे त्या शीटने सांगितलं. तिघांनी दिले. चौथ्याचं ‘प्रोसेसमध्ये’ आहे.

महाराजांच्या बसचे पैसे वाचवायचे म्हणून जिजू त्यांना सायकलवरून सोबत करायला लागले. ताईने मावशीबाईंचं काम मात्र सुटू दिलं नाही. ‘आपली नोकरी गेली म्हणून तिची का घालवायची?’ बाहेरचं जेवण बंद झालं आणि शनिवारी रात्री धिरडी सुरू झाली. घरखर्चाचा हिशोब आता पाच जणांसमोर व्हायचा. महाराजांनी ओटीटीचं एक सबस्क्रिप्शन स्वतःहून बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला, पण शब्द पाळला.

२१ फेब्रुवारीला मराठीचा पेपर, १७ मार्चला बोर्ड संपलं. मार्चअखेर जिजूंना एका छोट्या कंपनीत काम मिळालं. पगार कमी, ऑफिस जवळ. रुजू व्हायच्या आधी चार दिवस हाताशी होते.

गोव्याचं बजेट नव्हतं. बाईसाहेब म्हणाल्या, ‘वेळासला जाऊ. कासवं बघायला.’ ताम्हिणीतून माणगाव, पुढे म्हसळा, बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, आणि तिथून वेळास. मंडणगड तालुक्यातलं चिमुकलं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. हॉटेल नाही. गावकऱ्यांच्याच घरी राहायचं. आम्हाला मिळालेल्या घरात शेणाने सारवलेलं अंगण, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आणि मोबाइलला रेंज फक्त आंब्याच्या झाडाखाली.

ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, परत फिरकत नाही. (‘भारी आहे,’ ताई म्हणाली. ‘ना दहावी, ना डबा.’) चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी सांभाळायला सुरुवात केली. साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड असेल तर नर. महाराजांनी ही माहिती प्रवासभर सगळ्यांना किमान चार वेळा दिली.

संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर दोरी बांधलेली. कार्यकर्त्याने टोपली पाण्यापासून थोड्या अंतरावर उपडी केली. तळहातावर मावतील एवढी काळी पिल्लं. नियम एकच, हात लावायचा नाही. तेवढं अंतर त्यांचं त्यांनीच चालायचं. सगळी निघाली. एक मागे राहिलं. चार पावलं चालायचं, थांबायचं. पाण्याशी पोचलं तर लाटेने उचलून पुन्हा मागे फेकलं. ताईचा हात दोरीवर घट्ट.

‘आई,’ बाईसाहेब समुद्राकडे बघत म्हणाल्या, ‘तू आता काहीतरी बोलणारेस. प्लीज बोलू नकोस.’

ताई हसली. काही बोलली नाही. तिसऱ्या लाटेत ते पिल्लू गेलं.

पसंतीक्रम एक

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. चांगले पडले. (अट पाळली हं!) अकरावीचा प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. फॉर्म भरायला जिजू बसले, पसंतीक्रम एक, शाखा कला. फोनवर एक काका म्हणाले, ‘एवढे मार्क असून आर्ट्स?’ जिजू म्हणाले, ‘चांगल्या कॉलेजात आर्ट्सचा कट-ऑफ नव्वदीच्या पुढे जातो. म्हणूनच एवढे मार्क लागले.’ तो फोन ताईने स्पीकरवर टाकला होता.

सगळं काही गोडीगुलाबीने चाललं, असं नाही. बाईसाहेबांचं मौन अजून अधूनमधून भेटतं. महाराजांचा आवाज फुटलाय आणि दारं आपटायला त्यांनीही सुरुवात केलीये. जिजूंची जुनी ईएमआय नव्या पगारात बसवताना ताईची महिनाअखेरीस ओढाताण होते. पण आता ती पाच जणांना माहीत असते.

जूनमध्ये मला जागा मिळाली. एक खोली, छोटी गॅलरी, घरमालकीणबाई स्वतः निवृत्त शिक्षिका. ‘मी लिहिते’ म्हटल्यावर ‘काय लिहिता?’ असं विचारणारी पहिली बाई! सामान हलवायला सगळे आले. माझी पुस्तकं नेण्यासाठी जिजूंनी ती जुनी ऑफिसची बॅग दिली होती. रात्री ती रिकामी केली, तर तळाशी मॅगीची दोन पाकिटं आणि वहीचं फाडलेलं पान.

‘रात्री एकला फोन कर. आईला सांगून ठेवलंय.’